श्री. मूळकूज यांस, मु. पो. कुंडीचा तळ

प्रति,
श्री. मूळकूज ऊर्फ पिथियम, व त्यांचे बंधू श्री. फायटोफ्थोरा,
मु. पो. मनी प्लांटची कुंडी, बैठकीचा कोपरा, भंडारा.

महोदय,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण खाली वाकलं की तुमच्या घराचा वास येतो. म्हणून उभ्यानेच लिहिते.

सर्वप्रथम अभिनंदन. पावसाळा लागला आणि खिडकीच्या गजांवरून पडद्याच्या दांडीपर्यंत पोचलेल्या आमच्या मनी प्लांटने अचानक वर जाण्यातला रस सोडला. खालची पानं आधी पिवळी पडली, मग मधली. देठ मऊ झाले. घरात पाच माणसं, येणारे-जाणारे वेगळे, पण तुमच्यावर कोणाचा संशय गेला नाही. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं जागा बदलली म्हणून रुसलं. इतका मोठा घोटाळा करून नाव कुठेच येऊ द्यायचं नाही, हे भल्याभल्या पुढाऱ्यांना जमत नाही.

तुमची खरी अक्कल कुठे आहे, तेही मला आता कळलंय. मूळ कुजलं की ते पाणी ओढू शकत नाही. पाणी वर चढलं नाही की पान मान टाकतं. कुंडीत चिखल असताना झाड तहानलेलं दिसतं! आणि तहानलेलं झाड दिसल्यावर भंडारा जिल्ह्यातला माणूस काय करतो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

आमच्या सासूबाई म्हणाल्या, "झाड मान टाकून राह्यलं ना वं, पाणी टाक थोडं." त्यांनी स्वतःही टाकलं. मामाजींना (म्हणजे सासऱ्यांना) जेवणानंतर ग्लासातलं उरलेलं पाणी मोरीत ओतायला जिवावर येतं. ते पुण्य कुंडीच्या पदरात. मुलगा शाळेतून आला की बाटली तिथेच रिकामी करतो. धुणीभांडी करणाऱ्या मावशी फरशी पुसता पुसता "बिचारं" म्हणून मगभर घालतात. प्रत्येकाला वाटतं, बाकीचे विसरले असतील. प्रत्येकाची माया अर्ध्या तांब्याची. या सगळ्याची बेरीज कोणी केली नाही, ती तुम्ही केलीत.

त्यातून तुमचं नशीब बघा. भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव. आमची प्लास्टिकची कुंडी ज्या घंगाळात ठेवली होती, ते लग्नात आलेलं अस्सल भंडाऱ्याचं घंगाळ. शोभा अशी की पाहुणे आधी घंगाळाची चौकशी करत, मग आमची. ठोकणाऱ्या कारागिराने ते एकाच हेतूने घडवलेलं, की आत घातलेल्या पाण्याचा थेंब बाहेर जाऊ नये. त्याच्या हाताला दाद द्यावी तेवढी थोडी. कुंडीच्या भोकातून निथळलेलं सगळं पाणी घंगाळात साचत होतं आणि कुंडीचं बूड त्यात रात्रंदिवस भिजत होतं. बाहेरून लखलखीत पितळ, आत तुमचा तरणतलाव.

या जिल्ह्यात वर्षाला 1300 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पाणी शिरणं म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. 2020च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगा शहरात घुसली तेव्हा निदान ती दिसली तरी. लोकांनी सामान वर चढवलं. तुमचा पूर कुंडीभर. वरची माती दुपारपर्यंत फटफटीत होते, पांढुरकी दिसते, आणि खाली वीतभर काय चाललंय याचा पत्ता नाही.

आता तुम्ही म्हणाल, मी कुठे काय केलं, मूळ तर पाण्याने मेलं. हा तुमचा नेहमीचा बचाव, आणि खोटं त्यात निम्मंच आहे. मूळसुद्धा श्वास घेतं. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, त्यावर त्याचं चालतं. ती पोकळी पाण्याने भरली की हवेतून जो ऑक्सिजन सहज येत होता, तो पाण्यातून सुमारे 10,000 पट हळू सरकतो. मूळ गुदमरतं. ऑक्सिजनविना कसंबसं दिवस ढकलू लागतं, आणि त्या धडपडीत त्याच्यात चक्क मद्यार्क तयार होऊन बाहेर झिरपतो. इथे तुमची एंट्री. मोहफुलाची भट्टी लागली की गावातले काही ठरावीक लोक वासावर बरोबर पोचतात, तसे तुमचे बीजाणू त्या मद्यार्काच्या मागावर पोहत येतात. पोहत, हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा जीव, त्याला दोन शेपट्या, एक पुढे ओढायला आणि एक मागे सुकाणू धरायला. असल्या जलतरणपटूला पाणी साचलेली कुंडी म्हणजे सरकारी अनुदान.

आमच्या सासूबाईंचा यावर रास्त प्रश्न आहे. त्यांचं माहेर लाखांदूरकडचं, अख्खं आयुष्य धानात गेलेलं. त्या म्हणतात, "बांधीत पाणी उभं राह्यते चार महिने, धान तर नाही सडत?" नाही सडत, आणि तेच तुमचं दुखणं आहे. धानाच्या मुळात पोकळ नळ्या असतात. पानांनी घेतलेली हवा त्या नळ्यांतून खाली टोकापर्यंत पोचते. चिखलात रोवणी झालेलं रोप वरून श्वास घेऊन खाली मुळाला पुरवतं. मनी प्लांट हा जंगलातल्या झाडांवर चढणारा वेल. त्याच्या मुळांना सालीला धरायची, पावसाने भिजायची आणि वाऱ्याने सुकायची सवय. त्याला बांधीचा नियम लावला की काय होतं, ते आमच्या बैठकीत दिसतंच आहे. मामा तलावांचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचा, जिल्हा आहे हा. ते बांधणाऱ्या कोहळी मंडळींनी पाणी अडवायचं कसं ते शिकवलं, आणि आम्ही ते दिवाणाशेजारी अडवलं.

(मधेच कोणीतरी म्हणेल, मनी प्लांट तर नुसत्या बाटलीतल्या पाण्यात वर्षानुवर्षं जगतो. जगतो. पाण्यातच फुटलेली मुळं पाण्याच्या बेताने घडलेली असतात, आणि बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात ऑक्सिजन फस्त करणारा कुजका पालापाचोळा नसतो. मातीत वाढलेलं मूळ एकाएकी बुडवलं तर त्याला ही सवलत मिळत नाही.)

तुमच्या घराण्याबद्दल थोडं. कारण लग्न आणि भांडण, दोन्ही कुळ बघून करावं.

लोक तुम्हाला बुरशी म्हणतात. तुम्ही ते खपवून घेता, कारण त्यात तुमचा फायदा आहे. शास्त्रज्ञांच्या हिशेबात तुम्ही खऱ्या बुरशीचे कोणी लागत नाही. तुमचं नातं तपकिरी शेवाळांशी. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तिका कायटिनच्या, तुमच्या मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकनच्या. या गैरसमजावर तुमचं दुकान किती चालतं, ते पुढे सांगते. पण तुमची कुंडली मांडणाऱ्यांतले काही लोकही आमच्या जवळपासचेच, हे तुम्हाला ठाऊक असावं. 1907 साली ई. जे. बटलर या सरकारी कवकशास्त्रज्ञाने पिथियम या तुमच्या वंशावर भलामोठा प्रबंध लिहिला. पुढे तुमच्यातल्या एकाला त्याचंच नाव मिळालं. 1913 साली जहांगीर फर्दुनजी दस्तूर यांनी एरंडाच्या झाडावर तुमच्या बंधूंची एक जात पकडून तिचं वर्णन केलं, फायटोफ्थोरा पॅरासिटिका. हेच दस्तूर पुढे मध्य प्रांताचे कवकशास्त्रज्ञ म्हणून नागपुरात होते आणि 1935 साली त्यांनी मध्य प्रांतातल्या पानवेलीच्या रोगांवर निबंध छापला. भंडारा तेव्हा त्याच प्रांतात. म्हणजे रामटेकच्या बरई मंडळींच्या पानमळ्याला जी मर लागते, तिच्या पंचनाम्यात तुमच्या घराण्याचं नाव आमच्या आजोबांच्या काळापासून आहे. तडीपारीची नोटीस काढायला एवढं पुरे.

बंधूंचे पराक्रम तर काय सांगावेत. 1845 पासून आयर्लंडचा बटाटा कुजवला, त्या दुष्काळात 10 लाखांच्या आसपास माणसं गेली. आमच्या शेजारी नागपुरी संत्र्याच्या बुंध्यातून डिंक वाहतो, झाड वरून वाळत येतं, शेतकरी त्याला डिंक्या म्हणतो. त्यामागेही हेच महाशय. तिथला बागायतदार मात्र तुम्हाला ओळखून आहे. तो झाडाला दुहेरी आळं करतो, म्हणजे पाणी दोन बांगड्यांच्या मधल्या पट्ट्यात राहतं आणि बुंध्याला शिवत नाही. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाण्याचं बोर्डो मलम बुंध्याला फासतो. नवी बाग लावताना जंबेरीऐवजी रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलमं शोधतो. पन्नास मैलांवर ज्याला एवढं कळतं, त्याचाच मावसभाऊ भंडाऱ्यात बैठकीतल्या वेलाला दिवसातून पाच वेळा पाजतो. घराबाहेरचं झाड हे पीक आणि घरातलं झाड हे लेकरू, असा काहीतरी हिशेब असावा.

आता त्या दिवसाकडे येते, ज्या दिवशी मी तुम्हाला रंगेहाथ पकडलं.

कुंडी घंगाळातून उचलली. अपेक्षेपेक्षा जड. अंगणात वर्तमानपत्र पसरून उपडी केली, बुडावर दोन थापा मारल्या, आणि ढेकूळ बाहेर आलं. आधी वास आला, साचलेल्या नालीचा. निरोगी मुळाला पावसाच्या मातीचा वास येतो आणि रंग पांढरट-पिवळट असतो. इथे तळाची सगळी जटा तपकिरी, बुळबुळीत. एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं. त्याची साल बोटांत निसटून आली, आणि आतला केसाएवढा तंतू तेवढा मातीत राहिला. दुसरं ओढलं, तेच. तिसरं, तेच. वरचा भाग तुम्ही खाल्ला होतात आणि आतली नळी, खाण्यासारखं काही नाही म्हणून, सोडून दिली होती. जेवणाच्या सवयींवरून ओळख पटते ती अशी. ढेकळाच्या कडेला, कुंडीच्या वरच्या अंगाला, मूठभर मुळं अजून कडक होती. तेवढीच.

वर दोन-चार काळी चिलटं उडाली. तुमचे टपालवाले. ती आणि त्यांच्या अळ्या तुमचे बीजाणू इकडून तिकडे पोचवतात, हे मी वाचलंय. शेजारी ठेवलेली तुळस मी त्याच दिवशी दूर हलवली.

तुमचे वकील किती जागोजागी बसलेत, ते त्यानंतर कळलं. औषधाच्या दुकानात "झाडाचं मूळ सडलं" एवढं म्हणताच काउंटरवर पांढऱ्या पुडीचं पाकीट येतं: कार्बेन्डाझिम. बऱ्याच खऱ्या बुरश्यांवर उत्तम औषध. तुमच्यावर शून्य. तुम्ही बुरशी नाहीच, तर बुरशीचं औषध तुम्हाला काय करणार? उलट तुमच्याशी जागेसाठी भांडणाऱ्या मातीतल्या चांगल्या बुरश्या त्याने दबतात, आणि तुम्हाला मोकळं रान. तुमच्यावर चालणारी औषधं वेगळी, मेटालॅक्झिलसारखी; पण ती शेतकऱ्याने बागेत वापरायची, दिवाणाशेजारी लेकरं खेळतात तिथे नव्हे. ट्रायकोडर्माची पावडर मात्र शेणखतात मुरवून मातीत मिसळली तर तुमच्यावर पाळत ठेवते. तीही आधीपासून हवी. मूळ सडल्यावर ती काही करत नाही.

मग घरगुती उपाय सुरू झाले. वहिनींनी फोनवर सांगितलं, कापलेल्या मुळांना हळद लाव. हळद! सांगलीपासून वसमतपर्यंत हळदीच्या शेतात कंदकुजीने शेतकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, ते तुमच्याच कृपेने. हळदीचा कंद ज्याचं जेवण, त्याला हळदीची पूड घाबरवणार. दुसऱ्या कोणी सांगितलं दालचिनी. तुमच्या बंधूंची आणखी एक कुप्रसिद्ध जात, फायटोफ्थोरा सिनॅमोमी, 1922 साली पहिल्यांदा सापडली ती सुमात्रामधल्या दालचिनीच्या झाडांवर! तिनेच ऑस्ट्रेलियाची जंगलंच्या जंगलं वाळवली. मसाल्याचा डबा तुमच्यापुढे ठेवणं म्हणजे पाहुणचारच.

आणि तळाशी विटांचे तुकडे, खडी घाला, "पाणी निथळतं." हा सल्ला मी जन्मापासून ऐकतेय. बारीक माती पाणी धरून ठेवते; खाली मोठी खडी असली की माती पूर्ण ओली होईपर्यंत ते पाणी खाली उतरतच नाही. ओलीचिंब पट्टी तळाला असायची ती खडीवर सरकते, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. खडीने तुमचं घर एक मजला वर नेलं, एवढंच.

तेव्हा मी कोणाचंच ऐकलं नाही. कात्री स्पिरिटने पुसली. मऊ लागलेलं प्रत्येक मूळ कडक भागापर्यंत कापून काढलं, दर थोड्या वेळाने कात्री परत पुसत. मुळांवरची जुनी माती झटकून काढली. अर्धी पानंही उतरवली. मूठभर मुळांवर एवढ्या पानांचा संसार चालत नाही, हे सासूबाईंना पटवायला मुळं कापण्यापेक्षा जास्त वेळ गेला. वेलाचे शेंडे निरोगी होते, ते पेराखाली कापून बाटलीत लावले, मूळ झाड गेलंच तर वंश राहावा म्हणून. बाकीचं झाड आधीपेक्षा लहान कुंडीत, मातीच्या, न रंगवलेल्या, बुडाला भोक असलेल्या. मोठ्या कुंडीत जास्त माती, जास्त मातीत जास्त पाणी, आणि ते प्यायला मुळंच नाहीत. आत आमच्याकडची चिकट कन्हार माती नाही. बारीक खडीची रेती, नारळाचा भुसा, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी रेताड सिहार माती. त्याखेरीज वेगळं खत घातलं नाही. आजारी माणसाला पुरणपोळी घालत नाहीत. उजेड भरपूर, ऊन नाही. एकदा पाणी घालून पूर्ण निथळू दिलं, आणि कुंडी दोन विटांवर ठेवली, म्हणजे बुडाखालून वारा फिरेल.

घंगाळ आता दाराशी आहे. त्यात मामाजी छत्र्या ठेवतात.

तुम्ही सहजासहजी जाणार नाही, हे मला माहीत आहे. मूळ कापलं तरी तुमचे जाड कवचाचे बीजाणू त्या जुन्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात, पाण्याची वाट बघत. म्हणून तुमची माती मी नालीत किंवा बागेत टाकली नाही. ती पोत्यात बांधून गच्चीवर ठेवली आहे. तुमच्या प्रकरणाचा निकाल असा: येत्या मे महिन्यात, पारा 45 अंशांकडे जाईल तेव्हा, ती माती ओली करून, पारदर्शक प्लास्टिकच्या कागदात चारी बाजूंनी घट्ट गुंडाळून स्लॅबवर पसरण्यात येईल. उन्हाखाली प्लास्टिकमध्ये माती तापते, ओलाव्यामुळे ती उष्णता आतपर्यंत जाते, आणि तुमच्या जातीला ती सहसा सोसत नाही. कमीत कमी चार आठवडे सक्त उन्हाची शिक्षा. भंडाऱ्याचा मे महिना काय असतो, हे तुम्ही आजवर कुंडीच्या ओल्या तळातूनच पाहिलंय. अपील करायचं असेल तर त्याच्या आत करा.

कळावे, लोभ नसावा.

आपली अजिबात नसलेली,
भंडाऱ्याची एक सून

ता. क. हे पत्र वाटेत दुसऱ्या कोणी उघडून वाचलं, तर त्यांच्यासाठी: घरातल्या झाडाने मान टाकली असेल तर आज पाणी घालू नका. आधी बोट दोन पेरांपर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तर खुशाल पाजा. ओलं लागलं, तर तांब्या खाली ठेवा आणि कुंडी उपडी करा.